क्लच किती उरलाय

टक्केमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. शाळेशी त्यांचा संबंध सातवीत तुटला तो तुटलाच. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण ते मार्क देत, आणि मार्क देत ते गाड्यांच्या क्लचला. हातानं गिअर टाकायची जुनी स्पोर्ट्स कार समोर आली की मास्तर अंगाची घडी घालून तिच्यात शिरत, दहा-पंधरा मिनिटं ती फिरवून आणत, बाहेर येऊन दोन्ही गुडघे चोळत आणि आकडा सांगत. "पस्तीस टक्के." बस्स. त्याच्या पुढं काही नाही, मागं काही नाही. गाडी विकत घ्यायला आलेला माणूस कळवळून विचारी, "म्हणजे किती दिवस चालेल, मास्तर?" त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. "ते तुमच्या पायावर. काय उरलंय ते मी सांगतो. तुम्ही किती उधळणार ते मला काय ठाऊक?"

ज्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. त्या दोघांची गाठ घालून द्यायची आणि हवी तेव्हा ती सोडवायची, हे काम क्लचचं. आत ताटलीएवढी एक चकती असते, तिच्या दोन्ही अंगांना रिबिटांनी, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी, ठोकलेला खरखरीत थर असतो, त्याला लायनिंग म्हणतात. आपण डावा पाय पेडलवरून उचलला की दर वेळी ती चकती किंचित घासते. घासत घासत रिबिटांपर्यंत आली की तिचा खेळ खलास. साध्या गाडीत ती उघडून बघता येते. पण या बुटक्या, ऐटबाज गाड्यांचं सगळंच निराळं. इंजिन सीटच्या पाठीमागं दडवलेलं, चकती बघायची तर अर्धी गाडी खाली उतरवायची, त्यात तीस-पस्तीस वर्षांचे गंजके बोल्ट मोडायचे, आणि एकदा उघडलं की नवे भाग मिळेपर्यंत गाडी महिनोन्‌महिने ठोकळ्यांवर. शिवाय आपली गाडी परक्याला उघडू देणारा मालक मी तरी अजून पाहिलेला नाही. म्हणून न उघडता, बाहेरून सांगणारा माणूस लागतो. शहरात तसा माणूस एकच होता.

सतराव्या वर्षी मास्तर क्लचप्लेटींना लायनिंग ठोकायच्या कारखान्यात लागले होते. अकरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. रोज शेकडो चकत्या हाताखालून जायच्या. नवी किती जाड, अर्धी झिजलेली किती जाड, हे बोटांना डोळे मिटून कळू लागलं. कारखाना बंद पडला तेव्हा ते गॅरेजमध्ये आले आणि हातातलं ज्ञान हळूहळू पायात उतरलं. कसं उतरलं ते त्यांनाही सांगता येत नसे. पेडल कुठं पकडतं, म्हणजे पाय कितपत उचलल्यावर गाडी ओढू लागते, याच्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "केबल आवळून पेडल कुठंही पकडायला लावता येतं," ते म्हणत, "विकणारे सगळे तेच करतात." ते नाकानं बघत, कानानं बघत आणि शेवटी तळपायानं बघत. त्यासाठी डाव्या पायात पातळ तळाचा कापडी बूट, उजव्या पायात साधा. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट घालून हिंडणारा माणूस म्हणून लहान मुलं त्यांच्याकडं बघून हसत. मास्तरांनाही ते हसणं आवडत असावं, कारण त्यांनी बूट कधी बदलले नाहीत.

त्यांची मुख्य परीक्षा सोपी होती. रिकाम्या रस्त्यावर गाडी संथ चालवायची, चौथा गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर पार खाली दाबायचा आणि त्याच क्षणी डावा पाय झटकन बाजूला घ्यायचा. झटकन म्हणजे झटकन. असा दांडगाईनं धक्का बसला की चकतीला लपायला जागा उरत नाही. धडधाकट असेल तर गाडीला धरते. झिजलेली असेल तर निसटते, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी तेवढी पळत नाही. ती कधी निसटली, किती निसटली, पुन्हा कधी धरलं, यावरून मास्तर आकडा काढत. "एकदा तरी वाईट वागल्याशिवाय क्लच खरं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य होतं.

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खिळे ठोकून मेलेल्या चकत्या टांगलेल्या होत्या. बावीस वर्षांच्या, दीडशेच्या वर. प्रत्येकीवर ऑइलपेंटनं दोन आकडे आणि महिना-साल. पांढरा आकडा मास्तरांनी बाहेरून सांगितलेला. तांबडा, पुढं कधीतरी गाडी उघडल्यावर व्हर्निअरनं मोजून, मधे झालेल्या वापराचा हिशेब धरून काढलेला. चाळीस आणि अडतीस. पंधरा आणि पंधरा. साठ आणि त्रेसष्ट. गॅरेजवाला येईल त्याला आधी या भिंतीपुढं नेऊन उभा करी. तो स्वतः अंगानं आडवा, जिभेनं तिखट आणि मास्तरांहून दहा-बारा वर्षांनी लहान. जगात कुणाचीही खिल्ली उडवी, पण भिंतीपुढं उभा राहिला की आवाज खाली यायचा.

आता मास्तरांच्या बायकोकडं वळलं पाहिजे. सगळं गॅरेज त्यांना वहिनी म्हणे, आपणही वहिनीच म्हणू. वहिनी एका मोठ्या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायच्या. तीस वर्षं उंच टेबलापाशी उभं राहून, वाकून, हातात ती जडशीळ कात्री. दुकानातली कापडं सरळ रेषेत कापली गेली आणि वहिनींचा कणा त्या नादात वाकडा झाला. मणक्यांमधली जागा अरुंद झाली, नस चेपली, पाठीतून निघालेली कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली. एक ऑपरेशन झालं. त्यानं थोडं भागलं, पुरतं नाही. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी हात वर केले. "फायदा कमी, धोका जास्त. व्यायाम चालू ठेवा, धक्के टाळा."

धक्के टाळा! हे वाक्य डॉक्टरांनी कुणापुढं उच्चारलं होतं याची त्यांना कल्पना नसणार. ज्या माणसाची रोजीरोटीच धक्का देण्यावर होती त्यानं ते शब्द कानात जपून घरी आणले. घरापासून व्यायामाच्या केंद्रापर्यंत अकरा गतिरोधक होते. मंगळवारी आणि शुक्रवारी जाताना अकरा, येताना अकरा. मास्तर आधी आपली गाडी काढून एकटेच तो रस्ता चार वेळा फिरून आले. तिसरा गतिरोधक डाव्या बाजूला खचलेला, पाचव्याला अलीकडं खड्डा, आठवा नुसता नावाला, दहावा म्हणजे साक्षात भिंत. मग त्यांनी पायाला वळण लावलं. गाडी थांबली कधी आणि निघाली कधी हे आत बसलेल्याला कळू नये, गिअर पडलेला कानाला ऐकू यावा पण अंगाला जाणवू नये, इतपत. बासष्टाव्या वर्षी माणूस नवं काही शिकत नाही म्हणतात ते साफ खोटं आहे. तीन महिन्यांत मास्तर असे चालवू लागले की डॅशबोर्डवर पसरलेल्या शेंगदाण्यांतला एक हलला नसता.

केंद्रातली व्यायाम घेणारी बाई दर वेळी विचारी, "आज किती दुखतंय? दहापैकी?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. पहिल्यांदा, भाड्याच्या गाडीनं आल्या तेव्हा, वहिनी म्हणाल्या होत्या "सात". मास्तर चालवू लागल्यावर सहा झाले. मग पाच, मग चार. एका शुक्रवारी वहिनींनी मास्तरांकडं एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "तीन." त्या दिवशी मास्तर हवेत होते. तेव्हापासून दोन वर्षं आकडा तीनवर होता, एकदाही वर गेला नाही. औषधांचा गुण असेल, व्यायामाचा असेल, पण हे आपल्याच पायाचं काम, याबद्दल मास्तरांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी गॅरेजभर सांगितलं, "ऑपरेशननं झालं नाही ते माझ्या पायानं करून दाखवलं." गाडीत वहिनींचा एक हात सतत दारावरच्या दांडीला असे. मास्तरांना वाटे, सवय आहे.

आता दातांची डॉक्टरीण. तिनं मास्तरांच्या शब्दावर एक तांबडी दोनसीटर घेतली होती. मास्तर म्हणाले होते, चाळीस टक्के. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या पार्किंगचा चढ चढताना गाडीनं जागच्या जागी इंजिन घुमवलं, जळक्या वासाचा धूर काढला आणि मागं घसरत जाऊन खांबाला टेकली. दोरीला बांधून ती गॅरेजमध्ये आणली, उघडली. लायनिंग रिबिटांना टेकलं होतं. गॅरेजवाल्यानं तीन वेळा व्हर्निअर लावलं, मग ते मास्तरांच्या हातात दिलं.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," डॉक्टरीण म्हणाली. "मी चढावर पाय धरून ठेवत असेन."

"तीन आठवड्यांत चाळीस टक्के कुणी खात नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही नुसत्या पेडलवर उभ्या राहिला असता तरी नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. उलट तिनं त्याच जातीची दुसरी गाडी शोधून काढली होती, करड्या रंगाची. नवी चकती मिळायला वर्ष लागणार होतं, म्हणून तिच्यातली चकती चांगली असेल तर गाडीच विकत घेऊन ती काढायची आणि आपल्या गाडीला बसवायची, असा तिचा बेत. करड्या गाडीचा मालक सौद्याआधी चालवू द्यायला तयार होता, उघडू द्यायला नाही. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये ठेवून गेला होता. "मास्तर सांगतील तसं," असं म्हणून डॉक्टरीण आपल्या दवाखान्यात निघून गेली. एखाद्यानं इतका विश्वास टाकू नये. मास्तरांना तो कढत पाणी अंगावर ओतल्यासारखा झाला.

गॅरेजवाल्यानं तांबड्या गाडीच्या चकतीवर पांढरे चाळीस लिहिले, तांबडे पाच लिहिले आणि ती खिळ्याला अडकवली. अडकवताना त्यानं मास्तरांकडं बघितलं नाही. तो गेल्यावर मास्तर एकटेच भिंतीपुढं उभे राहिले. शेवटच्या रांगेतून नजर मागं नेत गेले. चाळीस आणि पाच. पंचवीस आणि बारा. पन्नास आणि एकोणचाळीस. तीस आणि बावीस. पंचेचाळीस आणि अडतीस. चुकणं एक वेळ समजतं. पण चुकणारा माणूस कधी जास्त सांगतो, कधी कमी सांगतो. इथं दर वेळी पांढरा आकडाच मोठा होता, आणि फरक वाढत चालला होता. कुठून सुरू झालं ते बघायला त्यांनी चष्मा पुसला आणि महिना-साल वाचलं. वहिनींच्या ऑपरेशनला तेव्हा पाच महिने झाले होते. मास्तरांना तो मेळ लगेच लागला नाही. त्यांना वाटलं, म्हातारपण.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मास्तरांनी गॅरेजवाल्याला करड्या गाडीत शेजारी बसवलं आणि गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर गाडी काढली.

"मी काय करतो ते नुसतं बघ," ते म्हणाले. चौथा टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, डावा पाय घेतला. गाडी छान निघाली.

"घेतलात पाय?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"घेतला की."

"कधी?"

मास्तरांनी पुन्हा केलं. गॅरेजवाला या खेपेला खाली वाकून त्यांच्या बुटाकडं बघत होता. वर आला तेव्हा हसत होता. "मास्तर, मी मांडीवर भरलेला पेला घेऊन बसलो असतो तरी थेंब सांडला नसता. दोन्ही पाय तसेच. उजवा दाबतोय की थोपटतोय तेच कळत नाही. वहिनींना घेऊन निघाल्यासारखी चालवताय की हो तुम्ही!"

बोलून गेला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. मास्तरांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालू होतं.

पाय इतका मऊ झाला होता की मरायला टेकलेला क्लचसुद्धा त्याच्याखाली शहाण्यासारखा वागे. मास्तर त्याला सांभाळून घेत होते, आपण सांभाळून घेतोय हे न कळता, आणि वर त्याला चाळीस टक्के देत होते. त्यांनी ठरवून पाहिलं. एक, दोन, तीन म्हणून पाय उचलायचा. तिनाला टाच उचलली जायची, पण चवडा पेडलवर रेंगाळायचा, जणू कुणी झोपलेलं आहे आणि दार हळू लावायचं आहे. सात वेळा केलं, सातही वेळा तसंच. मग गॅरेजवाला चालवायला बसला आणि त्यानं सणसणीत धक्के दिले. मास्तर शेजारी कान टवकारून बसले. काही उपयोग झाला नाही. आकडा तळपायातून यायचा, तो शेजारच्या सीटवर येत नव्हता.

"चार दिवस दणादण चालवा," गॅरेजवाला म्हणाला. "माझी खटारा गाडी घेऊन जा, लावा वाट तिची. पाय येईल ठिकाणावर."

"आणि मंगळवारी?" मास्तर म्हणाले. "शुक्रवारी? तो दांडगा पाय घेऊन तिला नेऊ?"

डावा पाय एकच होता. मास्तरांना रडू आलं नाही, पण बरंचसं तसंच काहीतरी झालं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली ती अशी: धंदा गेला तर गेला. पस्तीस वर्षं केला. त्याच्या बदल्यात घरात सातावरून तीन आणलेत. हा सौदा वाईट नाही. त्या रात्री त्यांना झोपही बरी लागली.

शुक्रवारी केंद्रात नेहमीची बाई रजेवर होती, बदलीवर दुसरी आली होती. तिनंही विचारलं, "दहापैकी किती?" वहिनी म्हणाल्या, "तीन." बदलीच्या बाईनं समोरची फाइल बघितली, मग वहिनींकडं बघितलं, मग मास्तरांकडं, आणि घाईघाईनं म्हणाली, "काका, एवढी फाइल वरच्या मजल्यावर डॉक्टरांना देऊन याल का? मी तोवर यांना झोपवते."

मास्तर फाइल घेऊन जिन्याला लागले. पहिल्या वळणावर त्यांनी ती उघडली. वाईट हेतू काही नव्हता. आपल्या कमाईचे तीन एका खाली एक कसे दिसतात तेवढंच त्यांना बघायचं होतं.

पान रकान्यांचं होतं. तारीख, आणि पुढं दुखणं. सात. सात. आठ. सात. आठ. आठ. त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुणाची फाइल दिली. वर नाव वहिनींचं होतं. आठ. आठ. नऊ. गेल्या मंगळवारी नऊ. तीन कुठंच नव्हता. पानाच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: "पतीसमोर विचारल्यास तीन सांगतात. ते बाहेर गेल्यावर पुन्हा विचारावे. पती गाडी फार जपून चालवतात, खरे सांगितल्यास त्यांना वाईट वाटेल असे म्हणतात."

मास्तर जिन्यावर बसले. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही हे त्या बाईंनाही कळलं नसेल. भिंतीवरचे सगळे पांढरे आणि तांबडे आकडे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. दोन वर्षं ते वहिनींच्या शेजारी बसून गाडी चालवत होते, हाताच्या अंतरावर. दोन वर्षं ती बाई सात, आठ, नऊ घेऊन बसत होती आणि यांना तीन देत होती.

डॉक्टरांनी फाइल चाळली. "वाढतंय," ते म्हणाले. "गोळी बदलून देतो, पण फार आशा ठेवू नका. तुम्हाला घरी दिसतच असेल."

"हो," मास्तर म्हणाले. "दिसतं ना."

व्यायाम संपल्यावर वहिनी गाडीत बसल्या, नेहमीसारख्या आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा. हात दांडीला. मास्तर आज त्या हाताकडं बघत होते. शिरा फुगल्या होत्या.

"किती वाटतंय आता?" त्यांनी विचारलं.

"तीन. का हो?"

"काही नाही. सहज."

गाडी निघाली. एकामागून एक गतिरोधक मागं पडू लागले. मास्तर चालवत होते रस्त्यावर, पण लक्ष सगळं शेजारच्या श्वासाकडं. काही कळत नव्हतं. श्वास एकसारखा. चेहरा शांत. हे काय सांभाळणं म्हणायचं! आपण तिला धक्का बसू नये म्हणून मरमर मरतोय, आणि ती आपल्याला धक्का बसू नये म्हणून. दोघांनी मिळून इतकं मऊ करून ठेवलं की आत काय उरलंय ते कुणालाच कळू नये. त्यांना स्वतःचंच वाक्य आठवलं, एकदा तरी वाईट वागल्याशिवाय खरं कळत नाही ते. आठवलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

सातव्या गतिरोधकावर पुढची चाकं चढली आणि मास्तरांचा डावा पाय पेडलवरून झटकन सुटला. गुरुवारी सात वेळा जिवाच्या आकांतानं करून जमलं नव्हतं ते आत्ता आपोआप झालं. गाडीनं जोराचा हिसका दिला, पुढची चाकं पलीकडं धाडकन आदळली आणि इंजिन बंद पडलं. हे मुद्दाम झालं की पाय थरथरला म्हणून झालं, हे मास्तरांना पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. कुणी विचारलंही नाही.

वहिनींच्या तोंडून आवाज निघाला नाही. आई गं नाही, स्स नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि खालचा ओठ दातांखाली गेला होता. दांडीवरची बोटं पांढरीफटक पडली होती. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. वहिनींनी डोळे उघडले, ओठ सोडवला आणि हसल्या.

"काही झालं नाही हो. होतं असं एखाद्या वेळी. चला."

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"तीनच. चला ना, लोक खोळंबलेत."

तेव्हा मास्तरांना उमगलं की आपला पाय कसाही असता तरी आकडा तीनच आला असता. मऊ पायानं दुखणं कमी झालं नव्हतं आणि दांडग्या पायानं ते बाहेर आलं नव्हतं. त्यांनी कसंबसं इंजिन सुरू केलं, गाडी पलीकडं नेऊन एका बंद शटरपाशी कडेला लावली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. काय करावं ते सुचत नव्हतं. करण्यासारखं काही नव्हतंच.

तेवढ्यात फोन वाजला. गॅरेजवाला होता. "मास्तर, डॉक्टरीणबाई आल्यात. करड्या गाडीचा मालक संध्याकाळी न्यायला येतोय. किती सांगू त्यांना?"

"आकडा नाही माझ्याकडं."

"म्हणजे? शून्य?"

"शून्य कसं म्हणू? मला कळत नाही." मास्तर सावकाश बोलत होते, पहिल्यांदाच एखादी भाषा बोलावी तसे. "बाहेरून मला आता कळत नाही. मालक उघडू देत असेल तर उघडून बघा. नाहीतर नाद सोडा म्हणावं."

मग गॅरेजवाला म्हणाला, "बरं, मास्तर." आणि त्यानं फोन ठेवला.

वहिनी समोर बघत होत्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या तोंडून "मला कळत नाही" हे शब्द ऐकले नव्हते. घरातला नळ असो, वरचा भाडेकरू असो की जगाचा कारभार, मास्तरांना सगळं कळे. त्यांनी एकदा मास्तरांच्या डाव्या पायाकडं बघितलं. कापडी बुटातला पाय पेडलपाशी अजून किंचित हलत होता.

"सहा," वहिनी म्हणाल्या.

"काय सहा?"

"मघाशी धक्का बसला ना, तेव्हा. सहा असेल."

मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं. फाइल वाचली हे सांगावं असं जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण तिनं तिनाचे सहा केले होते, आणि ते करायला तिला काय पडलं असेल ते आज त्यांना थोडंसं कळत होतं. नऊ तिच्याकडून आत्ताच्या आत्ता काढून घेणं त्यांच्यानं होईना.

"बरं," ते म्हणाले. "उरलेले चार गतिरोधक हळू घेतो."

"तुम्ही हळूच घेता हो."

मास्तरांनी पहिला गिअर टाकला आणि पाय उचलला, नेहमीसारखाच, कळेल न कळेल असा. दुसऱ्या तऱ्हेचा पाय त्यांच्याकडं नव्हता. गाडी हलली. मागं कुणी हॉर्न वाजवला नाही. वहिनींनी दांडीवरचा हात काढला नाही, आणि या खेपेला मास्तरांना ती सवय वाटली नाही.